दाराजवळचा दोघांचा बाक

या, मित्रांनो, अगदी जवळ या. दारातून आत आलात की डावीकडे, छत्र्या उभ्या करायच्या कोपऱ्याला लागून मी असतो. पुढच्या ऐटबाज बाकांकडे बघत गेलात तर मी नजरेतून सुटेन. आज माझ्यापाशी थांबा. दोघे माझ्यावर बसा, बाकीचे खाली टेका. तिसऱ्याने मात्र बसायचे नाही! माझ्यावर तिसरे माणूस बसले की काय होते, तीच तर गोष्ट मला सांगायची आहे.

मी एक जुना बाक आहे. या चर्चमधला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात आखूड. माझ्यावर गादी नाही, पाठीवर नक्षी नाही, आणि अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चीर आहे. ती एका लोखंडी पट्टीने आवळलेली आहे. तरी सांगतो, या इमारतीत माझ्याइतका मानाचा बाक दुसरा नाही. हे मी फुशारकीने म्हणत नाही. बरे, थोडे फुशारकीनेही म्हणतो.

माझा जन्म भांडणातून झाला. हे चर्च बांधले जात होते तेव्हा भिंती आणि खांबांचे काम एका गवंड्याकडे होते आणि लाकडाचे काम एका सुताराकडे. दोघे सख्खे भाऊ. सुतार थोरला, गवंडी धाकटा. एका ताटात जेवायचे, एकाच्या हातावर दुसऱ्याचा हात पडून टाळी वाजली नाही असा दिवस जायचा नाही. दार आणि शेवटचा खांब यांच्यात चार हात जागा सोडायची, तिथे चौघांचा बाक बसेल, असे दोघांचे ठरले होते. थोरल्याने चार हातांचा बाक केला. रंधा मारून, घासूनपुसून, पुढ्यात गीतपुस्तकांसाठी तिरपी फळी जोडून तो उचलून आणला, आणि जागेत बसवायला गेला तर बाक आत जाईना. जागा एक वीतभर कमी!

"तुझी भिंत चुकली," थोरला म्हणाला.

"माझी भिंत ओळंब्यात आहे. तुझा मापाचा गज तपास," धाकटा म्हणाला.

"वीस वर्षं हाच गज वापरतोय मी!"

"मग वीस वर्षं चुकतोयस!"

झाले. शब्दाने शब्द वाढला. थोरल्याने करवत उचलली. वीतभर कापले असते तर काम भागले असते. पण रागाला कुठे माप कळते? त्याने मला बरोबर मधोमध कापले. "एवढीशी जागा सोडलीस ना, मग घे एवढासा बाक!" म्हणाला आणि हत्यारे गोळा करून चालता झाला. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, बावीस वर्षे!

माझा कापलेला अर्धा भाग वाया गेला नाही. त्याची व्यासपीठाला चढायची पायरी झाली. दर रविवारी पाळकसाहेब उपदेशाला वर चढतात, तेव्हा त्यांचा पाय माझ्या त्या अर्ध्या अंगावर पडतो. मला इथे, दाराशी, तो जाणवतो. तुम्ही हसाल, पण जाणवतो.

उरलेल्या मला चुलीत घालायचे की बागेत टाकायचे, यावर बरीच चर्चा झाली. तेव्हाचे पाळक म्हातारे आणि मिश्कील होते. ते माझ्यावर बसून पाहत म्हणाले, "हा जळणार नाही. याला मी काम देतो." आणि त्यांनी या मंडळीला एक रीत घालून दिली. आठवड्यात ज्या दोघांचे भांडण झाले असेल, त्यांनी रविवारी इथे शेजारी शेजारी बसायचे. पुढच्या फळीवर गीतपुस्तक एकच. एकमेकांशी बोलायची सक्ती नाही. चूक कोणाची, हे कोणी विचारायचे नाही. इतरांनी मान मागे वळवायची नाही. दोघांनी फक्त एका पुस्तकातून गायचे.

एवढेच? हो, एवढेच. पण मित्रांनो, गाणे चालू असताना पान संपते, आणि ते कोणीतरी उलटावे लागते! सगळी मजा तिथे आहे.

एकदा घंटा वाजवणारे काका आणि भट्टीवाला असे दोघे आले. भट्टीवाला पहाटे पाव भाजून जरा आडवा झाला, की काकांची घंटा सुरू! दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. पहिले कडवे गायले. पान संपले. काकांनी हात मागे बांधलेले, भट्टीवाल्याने खिशात घातलेले. सगळी मंडळी तिसऱ्या कडव्यावर गेली आणि हे दोघे पहिल्याच पानाकडे बघत नुसते हुं हुं करत बसले. शेवटी भट्टीवाल्याने चिडून खिशातून हात काढला, अंगठा ओला केला आणि पान उलटले. काका पुटपुटले, "उपकार झाले." भट्टीवाला फिस्सकन हसला. त्याच्या पिठाळ अंगठ्याचा ठसा त्या पानावर अजून आहे. त्या दिवसानंतर काका घंटेच्या लोलकाला पहाटेपुरते फडके गुंडाळू लागले.

एका सासू-सुनेचे तर उलटेच झाले. पान उलटायची घाई दोघींनाही. एकीने इकडून ओढले, दुसरीने तिकडून, आणि पान टर्रकन फाटले! दोघी आधी पुस्तकाकडे बघत राहिल्या, मग एकमेकींकडे. मग पदरात तोंड लपवून अशा हसल्या की माझे चारही पाय हलले. घरी नेऊन दोघींनी मिळून खळ लावून ते पान चिकटवले.

चौकीवरचा हवालदार एकदा दारात उभा राहून म्हणाला होता, "तुमच्या या बाकाने माझी तक्रारवही कोरी ठेवली बघा." त्या दिवशी मी इतका फुगलो की माझे सांधे करकरले. लोक म्हणतात, चर्च माणसांना चांगले वागायला शिकवते. व्यासपीठावरून ते सांगितले जाते, हे खरे. पण त्याचा सराव माझ्यावर बसून होतो, मित्रांनो.

फक्त एक सल होता. सगळ्या वस्तीची भांडणे माझ्यावर मिटली, पण ज्या भांडणातून मी जन्मलो ते मिटले नाही. सुतारबाबा उजवीकडे पुढे बसत, गवंडीकाका डावीकडे स्वतः बांधलेल्या खिडकीखाली. आत-बाहेर करताना दोघेही माझ्याजवळून जात, आणि दोघेही माझ्याकडे न बघता जात.

पुढे म्हातारे पाळक गेले आणि नवे पाळकसाहेब आले. काय त्यांचा गळा! ते उपदेश बोलत नसत, गात असत. पायपेटीचा एक सूर धरायचा, त्यावर कथा सुरू करायची. आठवड्यात वस्तीत जे घडले असेल ते, नाव न घेता, त्यात अलगद गुंफायचे. आणि मधूनमधून एक पालुपद यायचे, ते सगळ्या मंडळीने उचलायचे. बोललेला उपदेश दारापर्यंत टिकतो. गायलेला उपदेश माणसाबरोबर घरी जातो. भांडी घासताना, बटणे शिवताना ओठांवर येतो. त्यांच्या पालुपदांनी किती जणांच्या हातून किती वेडेवाकडे घडता घडता राहिले, याची मोजदाद नाही. मला ते गाणे इतके आवडायचे की रविवार संपला की मी पुढच्या रविवारची वाट बघायचो.

त्या मंडळीत एक नर्सबाई होत्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करायच्या. लहानमोठे सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. हात मऊ, जीभ तिखट, आणि गाण्यात ताल कधीच नाही. सगळ्यांची ओळ संपली की अर्ध्या मात्रेने त्यांची संपायची. पायपेटी वाजवणाऱ्या बाई कपाळाला हात लावायच्या. "मावशी, जरा लवकर उचला ना!" तर त्या म्हणायच्या, "तुम्ही पळता, मी चालते. पोचतो आपण एकाच जागी."

सुतारबाबा म्हातारपणी अंथरुणाला खिळले तेव्हा मावशीच त्यांच्या उशाशी असत. आणि एका गुरुवारी दुपारी, पाव द्यायला गेलेल्या भट्टीवाल्याला सुतारबाबा गेलेले आढळले. एकटे. उशाशी खुर्ची रिकामी. चहाची किटली गार. तासाभराने मावशी धापा टाकत आल्या. दारात गर्दी होती.

"कुठं होतीस गं तू?" कोणीतरी विचारले.

"बाहेर जावं लागलं," त्या म्हणाल्या. यापुढे एक शब्द नाही.

पाळकसाहेबांचा सुतारबाबांवर फार जीव. तेही धावत आले होते. त्यांनीही तेच उत्तर ऐकले, आणि दुसऱ्यांदा विचारले नाही. मित्रांनो, त्यांची चूक तेवढीच. एकदा बाजूला घेऊन विचारायला हवे होते, ते राहिले.

रविवारी त्यांनी गाणे धरले. येशूने अटकेच्या रात्री ज्या शिष्यांना एक तास जागायला सांगितले आणि ज्यांना तेवढे जमले नाही, त्यांची कथा. आवाज दुःखाने भरलेला. आणि मग पालुपद आले:

"राखणारे गेले कुठे?
खुर्ची रिकामी, उशाशी खुर्ची रिकामी."

मंडळीने ते उचलले. एकदा, दोनदा. पहिल्या खेपेला सगळ्यांच्या मागून, अर्ध्या मात्रेने, एक आवाज आला: "...खुर्ची रिकामी." बिचाऱ्या मावशी सवयीने गात होत्या! मग त्यांच्या लक्षात आले की हे आपल्यावरच आहे. दुसऱ्या खेपेला मागचा आवाज आला नाही. सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मावशी उठल्या, माझ्या शेजारून दाराबाहेर गेल्या. जाताना त्यांचा हात क्षणभर माझ्या पाठीवर टेकला. थंडगार होता.

गायलेला उपदेश घरी जातो, असे मी म्हणालो ना? हाही गेला. सोमवारी मुली दोरीवरच्या उड्या मारताना तेच म्हणत होत्या, "खुर्ची रिकामी, खुर्ची रिकामी!" मावशी रस्त्याने चालल्या की मागून कोणीतरी चाल गुणगुणायचे. बाळंतिणीच्या घरून निरोप आला, आम्ही दुसरी बाई बघितली. पक्षाघाताच्या आजोबांच्या सुनेने दारातूनच सांगितले, नको. ज्या हातांनी अर्ध्या वस्तीचे डोळे मिटले होते आणि अर्ध्या वस्तीची नाळ कापली होती, त्या हातांना काम उरले नाही. मावशींनी चर्चला येणे सोडले. पण कोणालाही, काहीही सांगितले नाही.

मी तीन रविवार हे पाहत होतो. मला माझीच लाज वाटत होती. बावीस वर्षे ज्याचा मी अभिमान धरला, ते चर्च एका बाईला गाण्यातून हाकलून मोकळे झाले होते, आणि दाराशी बसून मला हूं की चूं करता येत नव्हते.

चौथ्या रविवारी, उपासनेची घंटा व्हायच्या आधी, कोणीतरी जड पावलांनी येऊन माझ्यावर बसले. मी ओळखले नाही, कारण ते वजन माझ्यावर कधी पडलेच नव्हते. गवंडीकाका! बावीस वर्षांत पहिल्यांदा.

रिवाज असा, की कोणी माझ्यावर एकटा बसला तर तो दुसऱ्याची वाट बघतोय असे समजायचे. पाळकसाहेब व्यासपीठावर चढले, त्यांनी पाहिले, आणि थांबले. सगळी मंडळी पुढे बघत बसून होती. पायपेटीचा सूर लांबत चालला.

"काका," शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "कुणाची वाट बघताय?"

"ज्याच्यासोबत बसायचं तो मातीत गेला," गवंडीकाका म्हणाले. "आता मी कुणासोबत बसू, ते तुम्हीच सांगा." मग त्यांचा आवाज चढला. "खुर्ची रिकामी का होती, ते मला ठाऊक आहे. त्या दुपारी नर्सबाई माझ्या दारात उभ्या होत्या. भावानं पाठवलं होतं. म्हणाला, धाकट्याला बोलाव, आणि सांग, भिंत त्याची बरोबर होती, माझंच माप चुकलं होतं."

पायपेटी थांबली.

"पण त्याचं माप चुकलं नव्हतं! मी गाठी मारलेल्या दोरीनं जागा मोजली होती. ती आदल्या दिवशी पाण्याच्या पिंपात पडली होती. ओली झाली की दोरी आखडते, हे गवंड्याच्या पोराला पण कळतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. बावीस वर्षं मी ते गिळून बसलो. आणि मरताना तो माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होता. मी काय केलं? म्हणालो, 'त्याला स्वतःला येऊन सांगू दे.' दार लावून घेतलं! त्या बाई तासभर दार वाजवत होत्या. 'अहो, ते उठू शकत नाहीत हो,' म्हणत होत्या. मी जोडे घालून निघालो तोवर त्याच्या दारात गर्दी जमली होती."

"मग मावशी बोलल्या का नाहीत?" पाळकसाहेबांनी विचारले. त्यांचा तो सुरेल आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"भावानं शब्द घेतला होता. धाकटा नाही आला, तर कुणाला सांगू नकोस, लोक त्याला नावं ठेवतील. हे दारातून त्यांनीच मला सांगितलं. त्या माझी अब्रू झाकत होत्या, पाळकसाहेब. आणि तुम्ही गायलात तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मीच गायलो."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटले. ते उतरले. माझ्या दुसऱ्या अर्ध्या अंगावर त्यांचा पाय पडला. मधल्या वाटेने, झग्यासकट, ते सरळ दाराबाहेर गेले. कोणी उठले नाही. गवंडीकाका माझ्या फळीची कड घट्ट धरून बसले होते. आता मावशी येतील का, हा एकच प्रश्न त्या सगळ्या पाठींवर लिहिलेला मला दिसत होता. आणि न आल्या तर, मी मनात म्हटले, मला खुशाल चुलीत घाला. मग माझा काही उपयोग नाही.

बऱ्याच वेळाने दारात पावले वाजली. मावशी होत्या. बाह्या दुमडलेल्या, हाताला साबणाचा फेस तसाच. मागे पाळकसाहेब, लहान मुलासारखे.

"मावशी, मी तुमची..." ते हळूच म्हणू लागले.

"अंहं," मावशी म्हणाल्या. "वाटेत चारदा कानाशी पुटपुटलात, ते मला नको. गाऊन बोललात ना? मग गाऊनच परत घ्या. रस्त्यातल्या पोरींना पण पाठ झालं पाहिजे."

"गातो. कुठे उभा राहू?"

"उभं कशाला राहायचं? बसायची जागा ठरलेली आहे की." आणि त्यांनी गवंडीकाकांच्या खांद्याला बोट लावले. "सरका जरा."

"बाक दोघांचा आहे," काका पुटपुटले.

"भांडण तिघांचं आहे. सरका!"

आणि मित्रांनो, ते तिघे माझ्यावर बसले. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला झगा सावरत पाळकसाहेब, मध्ये मावशी. कऽऽर्र! त्याच क्षणी माझ्या अंगावरून ही चीर गेली. दुखले का? खोटे कशाला सांगू, दुखले. पण मोडलो नाही. त्या दिवशी मोडायला मला वेळ नव्हता.

पाळकसाहेबांनी तीच चाल धरली. व्यासपीठावरून नाही, इथून, शेवटच्या बाकावरून:

"शब्द राखाया धावली ती,
म्हणून खुर्ची रिकामी.
न विचारता गायलो मी,
माझीच जागा रिकामी."

दुसऱ्या ओळीला त्यांचा गळा दाटला, चौथीला पार बसला. ज्या गळ्याने शेकडो लोकांना रडवले, त्यातून वाऱ्याखेरीज काही निघेना. तेव्हा मावशींनी ओळ उचलली. बेसूर, भसाड्या आवाजात, पण उचलली. मग गवंडीकाकांनी. मग मंडळीने मान मागे वळवली. अख्ख्या मंडळीने! इतक्या वर्षांत तो नियम मोडलेला मी एकदाच पाहिला. सगळे मागे वळून, त्या तिघांकडे बघत गायले. आणि ओळ संपल्यावर, सगळ्यांच्या मागून, अर्ध्या मात्रेने, "...रिकामी."

कोणी हसले नाही. पायपेटीवाल्या बाईंनी पुढचा सूर लगेच धरला नाही. मावशींची ओळ पुरी होईपर्यंत त्यांनी बोटे वर उचलून धरली.

सोमवारी मुली दोरीवर नवे पालुपद म्हणत होत्या. मंगळवारी पक्षाघाताच्या आजोबांची सून मावशींच्या दारात उभी होती. "याल का हो?" तर मावशी म्हणाल्या, "येते. पण तुझा चहा पातळ असतो, तो सुधार." आणि पाळकसाहेब त्यानंतरही गात राहिले, मात्र वस्तीतली गोष्ट गुंफायच्या आधी त्या घरी जाऊन, खुर्ची ओढून, नीट विचारू लागले. त्यांचे गाणे तेव्हापासून आणखी गोड झाले, असे माझे मत आहे.

ही लोखंडी पट्टी गवंडीकाकांनी बसवली. गवंड्याने सुतारकाम केले की कसे दिसते ते बघायचे असेल तर जरा वाकून बघा. दोन खिळे वाकडे, एक तर उलटाच! बसवताना ते स्वतःशीच म्हणत होते, "दादा, हसू नको रे." ते गेल्यावर त्यांना भावाच्या शेजारीच ठेवले. मधे अंतर किती सोडायचे ते वाळलेल्या दोरीने मोजले म्हणतात.

आता मी म्हातारा झालो आहे. मध्यंतरी नवे, गादीचे बाक आले. मला बाहेर काढावे असेही कोणी सुचवले होते. पण ज्यांनी सुचवले, त्या दोघांचेच त्यावरून भांडण झाले, आणि पुढच्या रविवारी त्यांना माझ्यावरच यावे लागले! तेव्हापासून तो विषय निघाला नाही. मला रंग नको, गादी नको. मुलांनो, माझ्यावर नावे कोरू नका, फळीवर पाय देऊ नका, एवढे पाळा. आणि कोणाशी बिनसले तर माझ्यावर या. बावीस वर्षे लावू नका. पान तुम्हीच आधी उलटा.

मावशींनाही जाऊन बरीच वर्षे झाली. शेवटच्या दिवशी त्यांच्या उशाशी एक नाही, आठ खुर्च्या होत्या, आणि बसायला जागा मिळाली नाही म्हणून लोक जिन्यात उभे होते. या रविवारी तुम्ही गायला आलात, तर एक गोष्ट तुमच्या कानावर येईल. इथे प्रत्येक ओळ संपली की सगळी मंडळी अर्धी मात्रा थांबते. नवख्यांना वाटते, यांना ताल कळत नाही. तसे नाही, मित्रांनो. ती जागा मावशींची आहे. तुम्हीही थांबा, आणि तेवढा वेळ त्यांची आठवण ठेवा.